खोकलाबाई

विद्यापीठाच्या नाट्यविभागात तिला सगळे 'खोकलाबाई' म्हणत, तेही तोंडावर. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तिची मावशी रंगभूमीवर उभं आयुष्य काढलेली बाई. तिला लोकांनी ठेवलेली नावं साठवायला कपड्यांची पेटी पुरली नसती!

तिचं काम होतं जुन्या नाटकांच्या ध्वनिमुद्रणांवर. टाळ्या आणि हशे मोजणारे पुष्कळ होते. हिने संगणकाला खोकला ओळखायला शिकवलं. कंटाळलेलं प्रेक्षागृह खोकतं आणि रंगलेलं प्रेक्षागृह श्वाससुद्धा जपून घेतं, हे प्रत्येक नटाला ठाऊक असतं. पण पुराव्यानिशी दाखवणार कोण? सुरुवातीला तिचा प्रोग्राम खुर्ची करकरली तरी 'खोकला' म्हणे. तिने ढीगभर तुकडे स्वतः ऐकून त्याची खोड मोडली. मग मावशीच्या एका जुन्या नाटकाचं ध्वनिमुद्रण लावलं. 'प्रेक्षक थंड बसले' असं लिहून समीक्षकांनी ते नाटक पाडलं होतं. शेवटच्या अंकात मावशी बराच वेळ एक शब्द न बोलता उभी. आणि त्या वेळात भरलेल्या थिएटरात एकही खोकला नाही!

तरुण संशोधकांच्या पुरस्कारासाठी तिचा प्रबंध गेला. मिळाला तर काम पुढे चालू, नाहीतर टेबल रिकामं करायचं.

मार्गदर्शक सरांनी बोलावलं. "शीर्षकातला खोकला काढ. 'श्रोतृप्रतिसादाचे संगणकीय मापन'. कसं भारदस्त वाटतं!"

"वाटतं सर. कळत मात्र नाही."

"अगं, हसं होईल आपलं. आणि समितीपुढे ध्वनिमुद्रणसुद्धा साफ करून ने, फार खरखर आहे."

"साफ केलं की खोकला जातो सर. मग ऐकवू काय, माझं कपाळ?"

घरी मावशी म्हणाली, "बदल की गं एक शब्द. पोटापुढे शीर्षकाचं काय एवढं?"

"तू बदललं असतंस?"

मावशी जरा ताठ बसली. "निर्माता म्हणाला होता, त्या प्रवेशात काहीतरी बोल, लोक कंटाळतील. मी नाही बोलले."

"मग?"

"मग काय! जा, मान वर करून जा."

पुरस्कार समितीच्या अध्यक्षांनी आधी स्वतःच लांबलचक भाषण केलं. मग तिच्याकडे वळले. "खोकला हा घशाचा विषय. नाटकाशी त्याचा संबंध काय?"

"तुमचं भाषण चालू असताना मी मोजत होते, साहेब. आकडा सांगू?"

एका सदस्यबाईंनी तोंडाला रुमाल लावला. मागे बसलेल्या सरांनी डोळे मिटले. तिने मावशीच्या नाटकाचं ध्वनिमुद्रण लावलं, खरखरीसकट. खोकले, खुर्च्या, कुणाची तरी कुजबुज. आणि मग ती शांतता.

"एका नाटकावरून नियम होत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर पुढे काम करायचंय."

"बघू. पण शीर्षक तेवढं बदला."

"मग राहू दे." तिने वायर उपटली आणि गुंडाळायला घेतली.

"थांबा हो," रुमालवाल्या बाई म्हणाल्या. "साहेब, शीर्षक त्यांचं आहे, आपलं नाही. आणि मला ते शेवटचं पुन्हा ऐकायचंय."

ते पुन्हा लागलं. या वेळी अध्यक्षसुद्धा पुढे झुकून ऐकत होते.

पुरस्काराच्या दिवशी निवेदकाने कागद हाती घेतला, 'खोकला' शब्दापाशी अडखळला आणि आवाज एकदम खाली आणला.

पहिल्या रांगेतून मावशीने आपला जुना, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचणारा आवाज लावला.

"मोठ्याने वाचा हो! मागे ऐकू जात नाहीये!"