दादाच्या सुरतेत

सुरतेला निघताना आईने सुके बोंबील तीन पिशव्यांत एकात एक घालून बांधले, वर जुना टॉवेल गुंडाळला आणि गाठोडं माझ्या नाकासमोर धरलं. "वास येतो?" मी नाही म्हटलं. येत होता. पण आमच्या किनाऱ्यावरच्या चौक गावातल्या घरात दादाचा वाटा काढल्याशिवाय बोंबील विकायला जात नाहीत, तिथे मी काय बोलणार?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कापड बाजारात नोकरीसाठी गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि सासऱ्यांच्या फ्लॅटवर राहायला लागला. सगळ्यांच्या मुली सासरी नांदायला जातात, आमचा दादा गेला, असं मी चिडवायचे. हल्ली चिडवत नाही. त्याची मुलगी दोन वर्षांची होऊन गेली तरी आईने तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. तेवढ्यासाठीच तर आम्ही निघालो होतो.

दादा स्टेशनवर आला, आईच्या पाया पडला आणि उठता उठता त्याने नाक आक्रसलं.

"आई, हे कशाला आणलंस? आमच्या सोसायटीत चालत नाही."

"घट बांधलंय रे. कोणाला कळणार न्हाय."

"सामानघरात ठेवू आत्ता. संध्याकाळी बघू."

गाठोडं स्टेशनवरच राहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग दादाने आम्हाला सुरत दाखवली. तापीकाठचा जुना किल्ला आता नीट डागडुजी करून ठेवलाय. दगडी भिंती, कोरीव लाकडी सामान, पितळी भांडी, आणि वरून रुंद नदी. एके काळी इथे जगभरची गलबतं यायची, दादा सांगत होता. आई नाखव्याची लेक. "मग आता होड्या कुठं हायत?" तिने विचारलं. गाळ साचला, बंदर गेलं, दादा म्हणाला. पुढे गोऱ्या व्यापाऱ्यांच्या घुमटवाल्या कबरी बघून झाल्या, तारांनी तोललेला नवा पूल झाला, काचेच्या इमारती झाल्या. आईचे गुडघे दुखत होते. प्रत्येक ठिकाणी ती नातीबद्दल एकच विचारायची, "बाय उठली असंल का रं आता?"

"झोपलीय," दादा म्हणाला. दुपारी म्हणाला, "मामाकडे गेलीय." तीन-चारदा त्याचा फोन वाजला. दर वेळी तो लांब जाऊन गुजरातीत हळू आवाजात बोलला.

सुरतेत जेवावं आणि काशीत मरावं म्हणतात. पोटच्या पोराच्या गावात आई हॉटेलात जेवली.

पाणीपुरीवाल्यापाशी थांबलो तेव्हा मी म्हटलं, "दादा, घरी कधी जायचं?" त्याने घड्याळ बघितलं. "आज पाहुणे आहेत गं. पुढच्या वेळी." आईने माझं मनगट घट्ट धरलं. नाहीतर मी भर रस्त्यात त्याची लाज काढली असती.

संध्याकाळी त्याने गाठोडं सोडवून आणलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "घेऊन जा," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही. गाडी सुटली, आई खिडकीबाहेर बघत राहिली. तिने हातही हलवला नाही.

रात्री आम्ही माझ्या घरी थांबलो; दुसऱ्या दिवशी मी तिला चौकला सोडायला गेले. दमट झालेले बोंबील तिने अंगणात उन्हाला घातले. शेजारची काकी येऊन टेकली.

"कसं हाय गं पोराचं घर?"

"मोठं हाय," आई म्हणाली. "दगडी भिंती हायत. लाकडाला सगळी नक्षी. वरनं आख्खी नदी दिसते."

मी चहाच्या कपात डोळे घातले. किल्ल्यातली पितळी भांडीसुद्धा तिने सुनेच्या स्वयंपाकघरात मांडली. काकी ऐकून खूश झाली.

"आणि नात? आली का तुझ्याकडं?"

आईचा हात बोंबलांवर थांबला. किल्ल्यात नात नव्हती.

"रडली," ती म्हणाली. "मला वळखत न्हाय ना ती."