लाल फितीचं दूध

ओलिंपिया फारिनांगो, राहणार कायांबे खोरं, विवाहित, अल्पभूधारक दुग्धोत्पादक, दूध संकलन केंद्राची सभासद. सदर सभासदाच्या दुधात औषधाचा अंश आजवर आढळून आलेला नाही. सबब सदर सभासदास 'आदर्श पशुपालक' म्हणून गौरवण्यात येत आहे.

या प्रमाणपत्रात खोटं काही नव्हतं. एखाद्या गाईची कास दगडीने सुजली आणि सडात औषध सोडावं लागलं, की ओलिंपिया तिच्या मागच्या पायाला लाल फीत बांधायची. फीत सुटेपर्यंत त्या गाईच्या दुधाचा थेंबही केंद्राच्या टाकीत जात नसे. मग जाई कुठे? ओतून द्यायचा प्रश्नच नव्हता. दूध मातीत गेलं की गाय आटते, हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा ते वासरं प्यायची. वासरांनी कधी तक्रार केली नाही.

केली ती पालोमाने, तीही हगवणीने. पालोमा म्हणजे गोठ्यातल्या सगळ्यात दुभत्या गाईची कालवड. गाय आता म्हातारी, पुन्हा गाभण राहायची नाही. तो वंश पुढे चालायचा तर पालोमावरच.

गुरांची डॉक्टर मारिबेल पुन्हा आली तेव्हा कालवडीला मान उचलवत नव्हती.

"औषध बदलून पाहिलं, तरी ढिम्म फरक नाही," ती म्हणाली. "मावशी, हिला दूध कुठलं पाजता?"

"घरचंच की. विकत आणते काय?"

"लाल फितीचं?"

ओलिंपियाने कालवडीच्या अंगावरचं पोतं उगाच सारखं केलं. "मग ते घालू कुठे, डॉक्टरबाई?"

"रोज थोडं थोडं अँटिबायोटिक पोटात गेलं. त्याने लेचेपेचे जंतू मरतात, निबर तेवढे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. आता मी काहीही टोचलं तरी ते हसतात मला."

दारात मक्याची कणसं सोलत सासू बसली होती, त्रान्सितोबाई. "आमच्या वेळी नव्हते हो असले जंतू."

"होते, आजी. तेव्हा औषधाने मरायचे."

"आई, तुम्ही जरा गप्प बसा."

"बसलेच आहे. उभं राहवतंय कुठे मला?"

"हे जंतू माणसालाही लागतात," डॉक्टर उठता उठता म्हणाली. "नातवंडांना गोठ्यात सोडू नका. बाकीच्या वासरांना चांगलं दूध पाजा, आणि फितीचं ओढ्यापासून लांब खड्ड्यात घाला."

"चांगलं वासरांना दिलं तर टाकीत काय घालू?"

"कमी घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलिंपियाने फितीच्या गाईची धार काढली आणि बादली उचलून बांधापलीकडच्या खड्ड्याकडे निघाली. सासू काठी टेकत मागोमाग आलीच.

"गाय आटेल बघ."

"आटू दे."

"देवाला काय सांगशील?"

"डॉक्टरबाईंचं नाव सांगेन."

बादली कलती करायला तिला बराच वेळ लागला. दूध अजून कोमट होतं, वर फेस होता, वासही नेहमीचाच. चहात घातलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तिने छातीवर क्रूस काढला आणि ओतलं. मातीने ते झटकन पिऊन टाकलं. सासूने तोंड फिरवलं, पण माघारी येताना रिकामी बादली तिनेच हातात घेतली.

पालोमा दुपारी मेली.