थर्झा पुलन आणि तारांचं रान

थर्झा लग्न होऊन ऑल्डरकोमच्या रानातल्या घरी आली, तेव्हा विहिरीवरच्या बायकांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "नवरा चांगला मिळाला गं तुला, पण घर चांगलं नाही मिळालं." ती हसली. कालव्याची दारं उघडणाऱ्या माणसाची मुलगी ती. उघड्या आभाळाखाली वाढलेली, मोठ्यानं बोलायची सवय असलेली. रान म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

मी तेव्हा हवेलीच्या धुलाईघरात कामाला होते. येताजाता तिच्या दारावरूनच वाट होती, म्हणून आमची गट्टी जमली. ती मला लेटी म्हणायची. तिच्याबद्दल मी जे सांगते आहे, त्यातलं थोडं मी पाहिलेलं आहे आणि बाकीचं तिनं स्वतः सांगितलेलं.

आमचं गाव म्हणजे हवेलीच्या भिंतीबाहेर घरांची एक सरळ रांग. पूर्वी ते असं नव्हतं. हवेलीसमोर, आता जिथे तळं आहे त्या उतारावर, ते पसरलेलं होतं. आताचे मालक सर हार्कोर्ट, त्यांच्या आजोबांना दिवाणखान्याच्या खिडकीतून आमची धुराडी आणि दोरीवरचे कपडे दिसत. ते त्यांना बघवेना. त्यांनी घरं पाडली, ओढा अडवून तळं केलं आणि माणसांना भिंतीबाहेर हलवलं. गाव आणि तळं यांच्यामध्ये जुनं रान होतं, त्याला मंक्स वुड म्हणत. तिथून आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळकी लाकडं आणि हेझलच्या झुडपांची कवचाची फळं आणत. तेही बंद झालं, कारण रानात आता मालकांचे फेझंट पक्षी वाढत होते, पाहुण्यांनी मारण्यासाठी.

थर्झाचा नवरा जेबेझ त्या रानाचा दुय्यम राखणदार. त्याच्या वरचा मिस्टर क्रॉल. क्रॉल बाहेरगावचा, कोरडा माणूस. त्यानंच तारेच्या बंदुका आणल्या. खुंटावर बंदूक फिरती बसवायची आणि तिच्या चापाला बांधलेल्या काळ्या तारा झुडपांतून गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणायच्या. ज्या तारेला पाय लागेल तिकडे बंदुकीचं तोंड वळायचं आणि तार ओढली गेली की बार उडायचा. रानाच्या कडेला पाटी होती, पण आमच्यात वाचता येणारी माणसं कमी. जेबेझ संध्याकाळी बंदुका लावायचा आणि उजाडताना उतरवायचा.

त्या वेळांना थर्झाचं कशात लक्ष नसायचं. नवरा घरात येऊन बूट काढेपर्यंत ती चुलीकडे वळत नसे. बार्लीची लापशी करपली तरी दाराशीच उभी. रानात कुठे फांदी मोडली तरी तिचा हात मानेवर जायचा.

एका शरद ऋतूत सायलस रॅग कुंपण विणायला काठ्या तोडायला म्हणून रानात शिरला, आणि त्याला तिथेच संध्याकाळ झाली. बार आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्याचा जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतर विहिरीवर थर्झा आली की बायका बादल्या उचलून निघून जायच्या. एका सकाळी तिनं दार उघडलं तर उंबऱ्यावर कोणीतरी आणून ठेवलेला सायलसचा बूट. छर्‍यांनी चाळणी झालेला, आत रक्त वाळलेलं. तिनं तो उचलून आत नेला. मग तिनं तो धुतला, पुसला आणि सायलसच्या घरी नेऊन दिला.

सायलसची बायको हॅना दारातच उभी राहिली. "हा कशाला आणलास?"

"तुमचा आहे."

"एका पायाला दोन बूट घालू का त्याच्या?" असं म्हणून तिनं दार लावलं.

त्या रात्री थर्झा नवऱ्याला म्हणाली, "सोड ही नोकरी."

"आणि जायचं कुठे? घर हवेलीचं, सरपण हवेलीचं. आईला घेऊन काय झाडाखाली राहू?"

"आत्ता कुठे राहतोय आपण?"

जेबेझ वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. त्याची आई डॉर्कस चुलीपाशी बसून मांडीवरची शाल पुन्हापुन्हा घडी करत होती. म्हातारीचं मन हल्ली ठिकाणावर नसायचं. गाव पाडलं तेव्हा ती लहान मुलगी होती, आणि आता ती बऱ्याचदा त्याच गावात असायची. "उशीर झाला, आई वाट बघत असेल," असं म्हणून दाराकडे निघायची. म्हणून बाहेर जाताना थर्झा दाराला बाहेरून कडी घालायची.

नोव्हेंबरात सर हार्कोर्टकडे शिकारीला पाहुणे येणार होते. क्रॉलनं फर्मान काढलं की आता शिकार होईपर्यंत बंदुका दिवसाही उतरवायच्या नाहीत. शिवाय काही बंदुका त्यानं स्वतःच्या हातानं दुसरीकडे हलवल्या आणि कुठे, ते जेबेझलाही सांगितलं नाही. "तुझ्या घरातली जीभ फार लांब आहे, पुलन," एवढंच म्हणाला.

आता नवऱ्यालाही माहीत नाही, हे थर्झानं मला विहिरीपाशी सांगितलं. आवाज इतका बारीक की मला खाली वाकून ऐकावं लागलं.

आणि मग तो धुक्याचा दिवस आला. जेबेझला गाडी घेऊन बाजाराच्या गावी पाठवलेलं. धुकं एवढं दाट की धुलाईघरातून मला तळंही दिसत नव्हतं. कपडे वाळायचे नाहीत म्हणून आम्हाला लवकर सोडलं. मी थर्झाच्या घराशी आले तर दार सताड उघडं आणि ती अंगणात पांढरीफटक उभी.

"लेटी, आई कुठे दिसल्या का तुला? मी फक्त पाणी आणायला गेले होते गं. कडी घातली होती. मला वाटतं घातली होती."

ओल्या गवतात पावलांचा माग होता. तो सरळ रानाकडे जात होता, जुन्या गावाच्या वाटेनं.

आम्ही क्रॉलकडे धावलो. तो दारात आला, ऐकलं आणि त्यानं हनुवटी खाजवली.

"धुकं उठू दे. मग बघू."

"तोवर त्या मरतील, मिस्टर क्रॉल. बंदुका कुठे हलवल्यात तेवढं तरी सांगा."

"एक मोठ्या ओकपाशी. एक... ओढ्याच्या अलीकडे." त्याची नजर खाली गेली. "अशा धुक्यात मला स्वतःलाही सापडायच्या नाहीत, बाई. मी आत जाणार नाही. तूही जाऊ नकोस."

तेव्हा मला कळलं की तोही घाबरलेला आहे.

थर्झानं घरामागच्या हेझलची एक लांब, बारीक काठी तोडली. घरातून पत्र्याचं भांडं आणि पळी आणून माझ्या हातात दिली. "तू कुंपणाशी थांब. हे वाजवत राहा. काही झालं तरी थांबायचं नाही. मला परतीची दिशा कळायला हवी. आणि आत पाऊल टाकायचं नाही, शपथ आहे तुला."

ती आत गेली. काठी दोन बोटांत सैल धरून पुढे लोंबती सोडलेली, कशालाही टेकली तर कळावं म्हणून. चार झाडांपलीकडे ती दिसेनाशी झाली. मी भांडं वाजवत राहिले.

पुढचं तिनं सांगितलेलं. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ती काठी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फिरवायची. काटेरी वेल लागली की तिला तार वाटायची आणि ती तशीच गोठून उभी राहायची. एकदा काठी खरंच तारेला टेकली. झाडाच्या बुंध्याला वळसा घालून ती पलीकडे गेली. आपल्याच पायांची भीती वाटत होती, म्हणाली. हाक मारावीशी वाटे, पण मारवेना. हाक ऐकून म्हातारी धावत आली तर?

मग तिला गुणगुणणं ऐकू आलं.

डॉर्कस एका मोकळ्या जागी उभी होती. अंगावरची शाल काढून हातात घेतलेली. तिच्यासमोर झुडपांमधून तार ताणलेली होती आणि म्हातारी तिच्यावर शाल वाळत घालायला वाकली होती.

"आई," थर्झा हळू म्हणाली. "काय करताय?"

"दिसत नाही? कपडे वाळत घालतेय. कोणी मेल्यानं दोरी किती खाली बांधलीय बघ."

"ती दोरी खराब आहे, आई. डाग पडतील."

"माझी दोरी आहे. माझ्या बापानं बांधलीय." म्हातारीनं तारेला बोट लावलं. खुंटावर काहीतरी करकरलं. थर्झाला पानांआड बंदुकीचं तोंड दिसलं. ते हळूच वळत होतं.

"अहो, पण पिळली कुठे नीट? पाणी गळतंय बघा. या इकडे, दोघी मिळून पिळू."

म्हातारीनं शालीकडे पाहिलं. धुक्यानं ती खरंच भिजली होती. "तू कोणाची गं?" तिनं विचारलं.

"शेजारची. धरा हे टोक."

डॉर्कसनं टोक पुढे केलं. थर्झानं ते धरलं आणि हळूहळू तिला तारेपासून मागे ओढून घेतलं. म्हातारीनं दोन पावलं टाकली. थर्झा म्हणाली, "खाली बसून पिळू, जोर लागतो," आणि तिला गवतात बसवलं. त्याच क्षणी शालीची मोकळी झालर मागे तारेत अडकली. थर्झानं ती सोडवायला डावा हात लांब केला.

कुंपणाशी मला तो बार माझ्या डोक्यातच झाल्यासारखा वाटला. कावळे उडाले. मग काहीच नाही. मी "थर्झा!" म्हणून किंचाळले, पण पळी थांबवली नाही. भांड्याला पोचे पडले. बऱ्याच वेळानं धुक्यातून दोन आकृत्या आल्या. पुढे म्हातारी, कुरकुरत, कपडे फाटल्याबद्दल कोणाला तरी शिव्या देत. मागे थर्झा, डावा हात शालीत गुंडाळलेला. दोन बोटं गेली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता थांबव," आणि तिथेच खाली बसली.

जेबेझ संध्याकाळी परतला. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. दुसऱ्या सकाळी धुकं विरल्यावर एक लांब दांडा घेऊन तो रानात गेला आणि दुरूनच एकेक तार खेचू लागला. हवेलीत पाहुणे न्याहारी करत होते आणि रानात बारावर बार होत होते. थर्झा आमच्या घरी पलंगावर होती. प्रत्येक बाराला ती अंग आखडून घ्यायची आणि विचारायची, "आता आला का तो? आला का?"

तो आला. बंदुका त्यानं हातगाडीवर घालून हवेलीच्या पायऱ्यांवर रचल्या. सर हार्कोर्ट बाहेर आले.

"पुलन, माझे पक्षी बिथरले."

"होय, सर. माझी बायकोही."

त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. घरही सोडायला सांगितलं. सामान बाहेर काढलं तेव्हा पाऊस लागला होता, आणि वाटेनं जाणाऱ्यांपैकी कोणी थांबत नव्हतं. मग कुबडीचा आवाज आला. सायलस आणि हॅना. हॅनानं खुर्ची उचलली. थोडं चालून गेल्यावर मागे वळून म्हणाली, "आमची मागची खोली रिकामी आहे. म्हातारीला पायऱ्या चढाव्या लागायच्या नाहीत."

हिवाळ्यात डॉर्कस गेली. आमचं चर्च आणि कबरी अजून त्या भिंतीच्या आतच आहेत. गाव हलवलं, पण मेलेल्यांना हलवलं नव्हतं. प्रेत न्यायची वाट रानाच्या कडेनं जाते. बंदुका आता नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. क्रॉलनं पुन्हा लावल्या नव्हत्या, आणि पुढे काही वर्षांनी पार्लमेंटनं कायद्यानंच त्या बंद केल्या. थर्झा माझा दंड धरून शवपेटीमागून चालू लागली. फाटकापर्यंत आली, पहिली झाडं दिसली, आणि तिचे पाय थांबले.

"चल," मी म्हटलं. "काही नाही तिथे."

"माहीत आहे गं मला." तिच्या कपाळावर थंडीतही घाम होता. "पण पाय उचलत नाही."

जेबेझनं मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. राहा तिथेच, अशी. ते पुढे गेले. आम्ही दोघी फाटकाच्या दगडावर बसलो. तिनं अर्धा राहिलेला डावा हात माझ्या शालीत खुपसला आणि झाडांपलीकडून चर्चची घंटा वाजेपर्यंत श्वासच घेतला नाही असं मला वाटलं.