ती पॅशन नव्हती

"मग रिक्षा चालव की. तीसुद्धा नोकरीच आहे," कॅप्टनसाहेब म्हणाले, आणि दिवाणखान्यातली सगळी पोरं हसली.

दांडिया बाजारातलं त्यांचं घर. भिंतीवर पगडीवाले आजोबा. संस्थानात मोठे अधिकारी होते म्हणे. साहेब स्वतः एका विमान कंपनीत वरिष्ठ वैमानिक. सुट्टीत बडोद्याला आले की पायलट होऊ पाहणाऱ्या मराठी मुलांना घरी बोलवायचे, मुलाखतीची तयारी करून घ्यायचे. फुकट. फार मोठ्या मनाचा माणूस, असं गावभर बोललं जायचं. त्या दिवशी त्यांनी एकेकाला विचारलं, पायलट का व्हायचंय? एक म्हणाला, लहानपणापासून पॅशन आहे सर. त्याच्या शेजारचीही तेच म्हणाली. मी म्हणाले, "सर, चांगली नोकरी आहे म्हणून."

खोटं काय होतं त्यात? माझा बाप मकरपुऱ्यात एका कारखान्यात लेथवर उभा राहायचा. खानदेशातून पोटासाठी आलेला. मध्ये कारखाना बंद पडला, तेव्हा आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दुसरीकडे काम लागलं तेव्हा आईने शेजाऱ्यांना साखर वाटली. आमच्याकडे नोकरी म्हणजे हे. त्याहून मोठा शब्द मला माहीत नव्हता.

हसणं थांबल्यावर साहेबांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे सरकारी योजनेतून शिकतेस." मग बाकीच्यांकडे वळले. "हा फरक असतो बघा. काहींच्या रक्तात उड्डाण असतं. काहींना नुसती सीट हवी असते."

चहा आला. मी घेतला नाही. कुणी आग्रहही केला नाही.

घरी बापाने विचारलं, काय शिकवलं साहेबांनी? मी म्हटलं, पॅशन आहे का विचारलं. पॅशन म्हणजे आवड. तो हातपाय धूत होता. म्हणाला, "मला लेथ गमते का, असं कोणी कधी पूछलंच नाही, बेटा." त्याला राग नव्हता आला. मला आला होता, पण कुणाचा ते तेव्हा नीट कळत नव्हतं.

मग मी शिकले. आरशासमोर उभी राहून 'पॅशन' म्हणायला शिकले. म्हणताना डोळे कसे चमकवायचे तेही शिकले. मुलाखतीत विचारलं, मी म्हटलं, नोकरीला लागले. देवळात शिरताना चपला काढतात तसं खरं बोलणं दाराबाहेर काढून ठेवलं.

आणि गंमत बघा. पुढे खरंच जीव जडला. पहाटे ढगांच्या वर निघालं की उन्हाचा पहिला पट्टा आधी आपल्याच मांडीवर पडतो. बडोद्यावरून जाताना मकरपुऱ्याच्या पत्र्यांच्या शेड दिसायच्या, आणि त्यातल्या एकीखाली आपला बाप उभा आहे हे मला वरून ठाऊक असायचं. रडू यायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्यासारख्यांनी आवड सांगितली तर लोकांना ते नाटक वाटतं, आणि नोकरी म्हटलं तर हलकं. दोन्हीकडून मार.

बापाला हृदयाचा झटका आला तेव्हा मी अहमदाबादला पोस्टिंगवर होते. ड्यूटीला निघत होते. दवाखाना बडोद्यात, दोन-अडीच तासांचा रस्ता. आमच्या धंद्यात नियम आहे. शरीर ठीक नसेल, मन ठिकाणावर नसेल, तर पायलटने 'अनफिट' म्हणायचं. मागे कितीतरी माणसं बसलेली असतात, म्हणून. कुणी जबरदस्ती करू शकत नाही. नियम असा आहे.

तोवर तेच कॅप्टनसाहेब आमच्या कंपनीत अहमदाबादच्या वैमानिकांचे प्रमुख झाले होते. मी फोन केला.

"सर, वडील दवाखान्यात आहेत. मी आज अनफिट आहे."

"डॉक्टर आहेत ना तिथे?"

"आहेत."

"मग तू जाऊन काय करणार? ज्याला पॅशन असते तो कारणं देत नाही. तुमच्या लोकांना संधी दिली की हेच. सीट मिळाली की रजा."

तुमच्या लोकांना. एवढे दोनच शब्द. मी नाही म्हटलं असतं तर ते माझ्या एकटीचं राहिलं नसतं. माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या नावावर ते लागलं असतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी भावाला फोन लावला. त्याने तो बापाच्या कानाला धरला. बाप धापा टाकत होता. "काम छे ना? जा मग. आवजो," म्हणाला. बडोद्यात राहून त्याची सवयच झाली होती, 'येतो' म्हणायची वेळ आली की 'आवजो' म्हणायचा.

ड्यूटीआधी आमचा श्वास तपासतात. दारू प्यायलोय का ते मशीन सांगतं. बाप मरतोय का ते सांगणारं मशीन नाही. मी पास झाले.

विमान नीट उतरवलं. लोक उतरताना दारात उभी राहून मी नमस्ते म्हणत होते, आणि खिशातला फोन थरथरत होता. एका आजोबांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, सुखरूप आणलंस पोरी. फोन भावाचा होता. मी पोहोचले तेव्हा बापाला आंघोळ घालून झाली होती. तोंड बघितलं. ते तोंड आता मला काही विचारणार नव्हतं, सांगणारही नव्हतं. माझ्या आत काय तुटलं ते अजून तुटलेलंच आहे. लोक म्हणतात काळ औषध आहे. मला लागू पडलं नाही.

वर्ष व्हायच्या आत बडोद्याच्या एका मराठी मंडळाने विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम ठेवला. विषय, 'वैमानिक: ध्यास की नोकरी?' पाहुणे कॅप्टनसाहेब. मलाही बोलावलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. साहेबांनी माझी ओळख करून दिली. "हिचे वडील गेले त्या दिवशीही हिने विमान उडवलं. मुलांनो, याला म्हणतात पॅशन!"

टाळ्या. आईने पदर तोंडात कोंबला.

मी माइक घेतला.

"ती पॅशन नव्हती," मी म्हटलं. "मी यांना सांगितलं होतं, मी अनफिट आहे. हे म्हणाले, तुमच्या लोकांना संधी दिली की हेच होतं. मी घाबरले आणि गेले. त्या दिवशी माझं मन विमानात नव्हतं आणि माझ्या मागे भरलेलं विमान होतं. याला टाळ्या वाजवू नका."

मंडळाचे अध्यक्ष आभार मानायला उठले, पुन्हा बसले.

बाहेर पडताना साहेबांनी गाठलं. आवाज मऊ. "कंपनीत याचा परिणाम काय होईल, विचार केलायस?"

"केलाय."

"एवढा कडवटपणा? उडणं आवडत नाही का तुला?"

आवडतं का? बापाच्या हातांइतकं आवडतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. माझी आवड त्यांच्या हातात दिली की तिची काठी होते आणि माझ्याच पाठीत बसते.

"साहेब, ही माझी नोकरी आहे," मी म्हटलं.

आईला स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले.

आता ऐका. मुलाखतीच्या तयारीला पोरी माझ्याकडे येतात. गोरव्याच्या, मकरपुऱ्याच्या. पायलट का व्हायचंय, मी विचारत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच वाक्य म्हणायला लावते, मोठ्याने, न अडखळता: मी आज अनफिट आहे, मी उडणार नाही. आवाज कापला तर पुन्हा म्हणायला लावते. मला कंपनीतून काढलं तरी हे शिकवणं थांबणार नाही. आमच्या घरातलं माणूस मरत असताना आम्ही घरी जाणार. परवानगी मागणार नाही, कळवून जाणार.