पायाला बांधलेली खुर्ची

आमच्या कान्ह्याच्या कारखान्यात लाइनवर गप्पा मारायला बंदी आहे, म्हणूनच किस्से साठत जातात. मी चेकिंगचा सुपरवायझर, त्यामुळे माझ्याकडे तर गोदामच झालंय! त्यातले निम्मे एकट्या 'खुर्ची'चे.

खुर्ची म्हणजे पायांना पट्ट्यांनी बांधायचा आधार. उभ्या उभ्या जरा गुडघे वाकवले की तो लॉक होतो आणि माणूस चक्क हवेत बसतो. आठ-आठ तास उभं राहणाऱ्या आमच्या लाइनसाठी महिनाभर ट्रायलला दोन संच आले. ते ठेवायचे की परत पाठवायचे, हे शेवटच्या दिवशी मुंबईचे मोठे साहेब ठरवणार होते.

मला ते हवेच होते. शेवंतामावशींचे गुडघे पार गेले होते. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता त्यांनी. त्यांच्यासारखी नजर चेकिंगला दुसरी नाही, आणि खरं सांगतो, त्या गेल्या असत्या तर मला तिथं करमलं नसतं.

* * *

पहिला मान कुरवंड्याच्या दगडूभाऊंचा. भाऊ माजी सरपंच, नुकतेच निवडणुकीत पडलेले. पट्टे आवळून झाले, तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊ, आता पाडून दाखवा म्हनावं! खुर्ची पायालाच बांधलीया!"



* * *

एकदा एचआरच्या मॅडम तणतणत आल्या. "सकाळी आठ वाजता कामगार एकमेकांना विचारतायत, 'आज कोण बसणार?' कंपनीत बसणार?"

"मॅडम, बाटली नाही, खुर्ची!"

तरी त्यांनी तंबी दिलीच, हा शब्द वापरायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून लाइनवर विचारणा सुरू झाली, "आज कोण विराजमान होणार?"

* * *

सोमाटण्याचा बबन संच काढायला विसरला आणि तसाच कंपनीच्या बसमध्ये चढला. बस खच्चून भरलेली. गडी मधल्या वाटेतच आरामात टेकला.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "ए, तितं कसा बसलास? सीट कुटंय तितं?"

"तुमच्या भरवशावर ऱ्हातो व्हय? माजी मी घेऊन आलोय!"

* * *

मावशींचं मात्र घोडं अडलं साडीपाशी. पट्टे मांडीला बांधायचे, त्याला पँट हवी. "ह्या वयात पँट? न्हाई बाबा!" म्हणून त्यांनी हात जोडले. महिनाभर त्या उभ्याच. मी मनातून खट्टू झालो होतो.

शेवटच्या दिवशी मावशी आल्या त्या चापूनचोपून नऊवारी नेसून, कासोटा घट्ट मारून! पट्टे पाचच मिनिटांत बसले. वरून कंपनीचा ॲप्रन, त्याखाली पट्टे झाकून गेले.

साहेब लाइनवर आले. सगळे ताठ झाले, मावशी तेवढ्या टेकलेल्या. साहेबांनी जवळ येऊन विचारलं, "मावशी, किती वेळ झाला उभ्या राहून?"

मावशींनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"बावीस वर्सं, सायेब. बसलेय आज."