सवलतीच्या फळीपाशी

कपिलचा पाय मोडला त्या दिवशी अक्षताच्या स्वयंपाकघरात चार तऱ्हेचे सॉस होते आणि तूरडाळ संपलेली होती.

सांगलीत नवराबायको दोघंच राहायची. कपिल फरश्यांच्या दुकानाचा टेम्पो चालवायचा. अक्षता शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायची. रविवारी संध्याकाळी दोघं मॉलमध्ये जायची. जायची मिठाच्या पुड्यासाठी, यायची दोन पिशव्या फुगवून. दोघांची कमाई होती, चालून जायचं. मग फरश्या उतरवताना कपिल टेम्पोवरून पडला. मांडीत सळई घालावी लागली आणि डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळा सरेपर्यंत गाडीचं नाव काढायचं नाही.

शेरडं शेजारणीच्या हवाली करून माण तालुक्यातल्या गावाहून कपिलची आई, येसूबाई, आल्या. पहिले काही दिवस त्या नुसतं बघत होत्या. रविवारी अक्षतानं पिशवी उचलली तसं म्हणाल्या, "मी बी येती. पर आदी दोन घास खाऊन घे. भुकेल्या माणसाला समदंच पायजे वाटतं."

मॉलच्या दारात अक्षतानं सवयीनं ढकलगाडी ओढली. येसूबाईंनी ती जागेवर सारली. "ह्ये गाडं कशाला? हातातल्या पिशवीत मावंल तेवढंच घ्यायचं."

अक्षता बिस्किटांपाशी थांबली. नवा पुडा होता, वर चॉकलेटचं चित्र.

"ह्ये घरात संपलंय का?" येसूबाईंनी विचारलं.

"न्हाई आत्या, नवीन आलंय."

"मग ऱ्हाऊ दे हितंच. आपल्यावाचून ते काय उपाशी न्हाई."

अक्षताला राग आला आणि हसूही आलं. पुडा तिनं परत ठेवला.

पार मागच्या कोपऱ्यात एका फळीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावलेला माल होता. अर्ध्या किमतीत रवा, पोहे, चेपलेल्या डब्यातलं तूप. येसूबाईंनी तिथल्या मुलीला, मयूरीला, हटकलं. "पोरी, ह्ये स्वस्त का? खराब हाय?"

"नाही आजी. तारीख जवळ आलीय, नाहीतर डबा चेपलाय. आधी तारीख वाचायची, मगच घ्यायचं. बुधवारी सकाळी या, तेव्हा नवा माल लागतो."

येसूबाई खाली बसून एकेक पुडा निरखू लागल्या. अक्षता मात्र इकडंतिकडं बघत उभी. गल्लीतल्या कुणी बघितलं तर? आणि नेमक्या समोरून पद्माकाकू आल्या. शेजारच्या बंगल्यातल्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. अक्षतानं तोंड फिरवलं. मग तिच्या लक्षात आलं, काकूंनीही फिरवलंय. त्यांच्या दोन्ही हातांत पिवळ्या चिठ्ठीचे पुडे होते.

आधी हसल्या त्या काकूच. "अगं, वर्षभर येतेय मी इथं. फक्त सांगितलं नाही कुणाला. हे बघ, पाच किलोची पिशवी आहे कणकेची. महिन्याभरात संपवायला हवी, एकटीला काय संपणार? अर्धी घेतेस?"

त्या दिवसापासून दर बुधवारी कारखान्याच्या वेळेआधी अक्षता आणि काकू मिळून जाऊ लागल्या. मोठी पिशवी अर्धीअर्धी व्हायची. काकू कपिलसाठी कधी सूप पाठवायच्या.

भाजीचं खातं येसूबाईंकडं. आठवडी बाजारात त्या दिवे लागताना जायच्या. बुधगावचा नाथाजी तिथं कोपऱ्यावर बसायचा. अंधार पडू लागला की तो उरलेल्या मेथीच्या पेंड्या आणि वांगी एकत्र ढीग करून स्वस्तात द्यायचा. येसूबाई त्याच्याशी घासाघीस करत नसत. "त्यानं आपणहून कमी केलंय, आनखी कशाला वरबाडायचं?" म्हणायच्या. दोघांची ओळख वाढली. कपिलचं कळल्यावर नाथाजी दर बाजाराला निघताना ढिगावर चार शेवग्याच्या शेंगा ठेवायचा. "हाडाला चांगल्या असत्यात, आक्का."

आणि एका बुधवारी येसूबाईच फसल्या. एकट्याच गेलेल्या. घरी आल्या त्या अननसाच्या जामच्या दोन बाटल्या घेऊन.

"आत्या, ह्ये काय?"

"आगं, एकावर एक फुकट हुतं!"

"घरात संपलं हुतं का?" पलंगावरून कपिलनं विचारलं.

येसूबाईंनी बाटल्यांकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, तसा कपिल हसला. पाय दुखला तरी त्याचं हसू थांबेना. अपघातानंतर तो पहिल्यांदाच असा हसत होता. अक्षता दाराशी उभी राहून बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. तो जाम शेवटपर्यंत कुणाला आवडला नाही.

बुद्धपौर्णिमेपर्यंत कपिल काठी टेकत फिरू लागला होता. कपिलच्या मुंबईतल्या मोठ्या भावापुढं हात पसरायची वेळ आली नाही, अक्षताचं गळ्यातलं गळ्यातच राहिलं. त्या दिवशी तिनं पातेलंभर खीर केली. तासगावच्या व्यापाऱ्याकडून निवडीत बाजूला काढलेले बारीक, काळपट बेदाणे आणले होते. दिसायला डावे, चवीला साखर. पद्माकाकू आल्या. मयूरी कामावरून सुटून आली. नाथाजी दारातच घुटमळत होता, त्याला कपिलनं हाताला धरून आत आणलं.

"तुमच्या शेंगांनी उभा राहिलोय, मामा," कपिल म्हणाला.

"माझ्या कसल्या! झाडाच्या," नाथाजी म्हणाला आणि दुसरी वाटी पुढं केली.

दुसऱ्या दिवशी येसूबाई गावाकडं निघाल्या. स्टँडवर दहिवडीची गाडी लागली होती. अक्षता पाया पडायला वाकली. "आत्या, तुमी आला नसतासा तर..."

"गप," येसूबाईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "दिवसभर मिशन चालवून माझ्या लेकराला सांभाळलंस तू. उपकार तुझं हायती. मला तर चार महिनं लेकासुनंचं त्वांड बगाय मिळालं."

कंडक्टरनं घंटी दिली. खिडकीत बसल्यावर त्यांनी मान बाहेर काढली आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या.