दुसऱ्या सीडीतली नदी

नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक सीडी लायब्ररी होती. तिथले काका प्रत्येक सीडीवर हाऽ करून वाफ सोडत आणि ती बनियनला पुसून देत. पाटीवर दोन मालकांची नावं होती, पण त्यातल्या एकावर काळा रंग फासलेला. त्या दुसऱ्या मालकाने रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, स्वतःची लायब्ररी थाटली होती.

शाळेत असताना मी आणि माझी जिवलग मैत्रीण एकच कार्टून सिनेमा सारखा न्यायचो. अस्वलाचं पिल्लू आणि करकोचा एकत्र वाढतात, आणि पहिली सीडी त्यांच्या भांडणावर संपते. दुसरी मध्येच अडकायची. तक्रार केली की काका म्हणत, "अडकेना का! चूक अस्वलाची असते. ते नदी ओलांडून येतं, परत दोस्ती होते. पोरांच्या सगळ्या सिनेमांत दुसऱ्या सीडीत हेच असतं."

एकदा मी आगाऊपणे विचारलं, "मग काका, तुम्ही का नाही जात समोर?"

सीडी पुसता पुसता ते म्हणाले, "मी कशाला जाऊ? अस्वल तो आहे."

आम्ही दोघी घरी पोचेपर्यंत हसत होतो.

पुढे दोन्ही लायब्रऱ्या बंद पडल्या. शेवटपर्यंत रस्ता कोणीच ओलांडला नाही.

मैत्रीण आता इंदिरानगरला राहते, रिक्षाने अर्धा तास. एका लग्नात आमचं बिनसलं, त्याला आठ वर्षं झाली. चूक तिची होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. तीही तिकडे कोणाला तरी हेच सांगत असेल, आणि तिच्या गोष्टीत अस्वल मी असेन.